अकराचा वारा
तापल्या वाळूचा वास आला की मला अजून तहान लागते. ऐंशी सालानंतरची गोष्ट, लग्नाला दोन महिने झालेले. लांज्याहून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आलेली मी मॅट्रिक पास, म्हणजे समुद्र न बघताच त्यातली तज्ज्ञ! नवरा पहाटे जमिनीवरच्या वाऱ्याने शीड भरून एकटाच मासे धरायला जाई आणि ऊन तापून समुद्रावरून वारा सुटला की परते. त्या पहाटे आभाळ भरलेलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "ढग आहेत गो. वाळू चटके देत नाय तोवर वारा सुटत नाय. त्याला पाण्याचा कळसा दे." मी म्हटलं, "रोज अकराला सुटतो, भूगोलातही तसंच दिलंय. कशाला ओझं?" नव्या बायकोचं ऐकून नवरा हसत तसाच गेला. अकरा वाजले, एक वाजला. समुद्र तेलासारखा पडून. होडी दूर ठिपक्याएवढी, तिथून एकट्याने वल्हवत येणं अशक्य. सासूबाई भरलेला कळसा घेऊन किनाऱ्यावर येऊन बसल्या. मी चपला काढून वाळूत उभी राहिले. वाळू गारच होती. दुपारी ढग फाकले, तळवे पोळू लागले, तेव्हा चार वाजता कुठे वाऱ्याने माझा पदर हलला. तो आला तेव्हा ओठ फुटलेले; घटाघटा कळसा रिकामा करून म्हणाला, "भूगोलात तहानेचा धडा नव्हता काय गो?" आता घरातलं कोणीही बाहेर निघालं की मी पाण्याची बाटली हातात कोंबते. सुना म्हणतात, आई किती मायाळू! मी म्हणू देते.