मेंटेनन्सवाल्यांचा गेमिंग पीसी

मेंटेनन्समधल्या माणसाशी लग्न केलं, की घरात सामानाच्या आधी किस्से जमतात. सिल्वासाच्या डोकमर्डीतल्या आमच्या वन बीएचकेमध्ये अजून सोफा नाही, पडद्यांना दांड्या नाहीत. पण निलेशच्या डिपार्टमेंटचे किस्से इतके झालेत की माळा पुरायचा नाही. त्यातले बरेचसे ऐकीव. एका मशीनचे मात्र माझ्या डोळ्यांदेखत घडले. कारण ते मशीन माझं होतं. हे बाकीच्यांना कळायला वेळ लागला, इतकंच.

माझं माहेर नंदुरबार. तिथे मी आणि माझा धाकटा भाऊ तेजस रोज संध्याकाळी सातला एक गेम खेळायचो. तो कॉम्प्युटरवर, मी माझ्या खोकणाऱ्या लॅपटॉपवर, एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून. एक बेट, एक जीप; लाकडं तोडायची, घर बांधायचं. लग्नाच्या आठवड्यात लॅपटॉपने राम म्हटला. मी इकडे आले, तेजस बेटावर एकटा राहिला. जूनमध्ये तो हॉस्टेलला जाणार, कॉम्प्युटर घरीच ठेवून. म्हणजे माझ्या हातात जेमतेम तीन महिने होते.

*

चहा पिताना मी निलेशला म्हणाले, "मला गेमिंग पीसी बनवायचाय. स्वस्तातला, पण पुढे वाढवता येईल असा."

"बनवू की!" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ही बातमी खडोलीच्या प्लांटवर गेली आणि संध्याकाळी परत आली, तेव्हा मशीन निलेशचं झालं होतं! त्याचे मेंटेनन्स हेड पाटील साहेब, मूळचे जळगावचे, आमच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून म्हणाले, "लग्न झालं आता, गेमबिम सोड लेका!"

"साहेब, ते हिच्या..."

"हिची परवानगी घेतलीस? मग हरकत नाही. याला म्हणतात संसार!"

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. बोलले नाही. नवी नवरी बोलली नाही की लोकांना तिचं कौतुक वाटतं. मला ते कौतुक अजून मोडायचं नव्हतं.

*

पहिली मीटिंग पॉवर सप्लायवर. माझ्या यादीत साडेसहाशे वॉट होतं. आत्ताच्या गरजेपेक्षा जास्तच, पण उद्या मोठं ग्राफिक्स कार्ड घालायचं तर पॉवर सप्लाय बदलावा लागू नये म्हणून.

पाटील साहेबांनी यादी वाचली आणि पेन काढलं. "कुठलंही मशीन फुल लोडवर चालवायचं नाही. हजार टाक!"

"बजेट, साहेब..."

"बजेट नंतर. मोटर जळली की बजेट आठवत नाही कुणाला."

आता मला राहवेना. "साहेब," मी म्हणाले, "आमचा मिक्सर साडेसातशे वॉटचा आहे."

"मग?"

"त्यात सुकं खोबरं वाटतो."

साहेबांनी एकदा मिक्सरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हजार खोडून साडेसहाशे लिहिलं, आणि खाली सहीसुद्धा केली!

*

प्लांटच्या स्टोअरचे हितेशभाई तीन कोटेशनशिवाय खिळासुद्धा घेत नाहीत. त्यांनी सिल्वासातल्या दोन आणि वापीतल्या एका दुकानातून कोटेशन मागवली. एका दुकानदाराने विचारलं म्हणे, "माल कुठल्या युनिटला पाठवायचा?"

तक्ता तयार झाला. मदरबोर्डच्या रांगेत हितेशभाईंनी सगळ्यात स्वस्त नावाला गोल केला. त्यात रॅमच्या दोनच खाचा होत्या, आणि दोन्ही पहिल्या दिवशीच भरणार. मला चार हव्या होत्या. दोन आत्ता भरायला, दोन रिकाम्या.

"भाभी, खाली जग्या माटे पैसा कोण आपे?" हितेशभाई हसले. रिकाम्या जागेचे पैसे कोण देतं!

"हितेशभाई, तुमच्या स्टोअरमधला शेवटचा रॅक रिकामा का असतो?"

"ए तो... माल आवशे त्यारे..."

माल येईल तेव्हा लागेल म्हणून, हे वाक्य त्यांनी अर्ध्यावर गिळलं आणि गोल खोडला. जाताना निलेशला दारात म्हणाले, "यार, तारा करता तो भाभीने वधारे खबर छे."

तुझ्यापेक्षा भाभीला जास्त कळतं, हे मला ऐकू आलं नाही असं त्यांना अजून वाटतं.

*

ग्राफिक्स कार्ड नवं परवडत नव्हतं. रोज सकाळी डबा भरून झाला की मी फोनवर भाव बघायची. भाजीवाल्याकडे टोमॅटो हातात घेऊन परत ठेवावा, तसं एक कार्ड यादीत टाकायची आणि काढायची. तेजस फोनवर विचारायचा, "ताई, किती राहिलं?" मी म्हणायची, "एकच पार्ट." मग फोन ठेवायचो. फोनवर आम्हाला बोलता येत नाही. खेळताना यायचं. लांडगा आला की पळता पळता तो मला सगळं सांगायचा. कॉलेजचं, आईच्या गुडघ्याचं, त्याला आवडणाऱ्या मुलीचं.

शेवटी वापीत एकाचं जुनं कार्ड मिळालं. तपासायला बरोबर प्लांटचे इलेक्ट्रिशियन मिश्राजी. त्यांनी कार्ड हातात घेतलं, डोळे मिटले आणि नाकाला लावलं! मोटर जळलीय का हे ते असंच बघतात. विकणारा मुलगा घाबरला.

"जला नहीं है," मिश्राजी म्हणाले. मग पुन्हा हुंगून, "लेकिन चंदन की अगरबत्ती लगती है यहाँ।"

मुलगा खालमानेने म्हणाला, "मम्मीने कॉम्प्युटर देवघराशेजारी ठेवला होता, अंकल."

"ले लो, भाभी," मिश्राजी म्हणाले. "पूजा का सामान है।"

आधी त्या मुलाच्या टेबलावर तासभर चालवून बघितलं, मग घेतलं. पण मिश्राजींच्या मते तो तास उगाच वाया गेला.

*

लग्नाआधी फोनवर निलेशने मला एकच गोष्ट गंभीरपणे सांगितली होती. मशीन उघडून काम चाललं असेल, तर स्विचवर लाल टॅग लावतात. टॅगवर लावणाऱ्याचं नाव आणि फोटो. आणि ज्याने लावला, त्यानेच काढायचा. मग मालक येवो नाहीतर मंत्री. "कुणाचा तरी हात आत असू शकतो," तो म्हणाला होता. त्याच क्षणी मी मनात होकार दिला होता. अजून त्याला सांगितलेलं नाही.

तर, पीसी जोडायला बसताना निलेशने सवयीने आमच्या हॉलच्या स्विचवर लाल टॅग अडकवला. सगळं जोडून झालं, शेवटची केबल लागली, आणि प्लांटवरून फोन आला. ब्रेकडाउन! तो तसाच पळाला.

दोन दिवस आला नाही. तिकडेच झोपला, तिकडेच जेवला. फोन केला तर मागे नुसती घरघर.

इकडे तयार मशीन, आणि स्विचवर त्याचा फोटो. मी ताट घेऊन समोर बसायची. फोटोतला निलेश फार शहाण्यासारखा बघत होता. सात वाजायचे, तेजसचा मेसेज यायचा, "आज?" मी लिहायची, "उद्या."

तिसऱ्या दिवशी निलेश आला, ग्रीसने माखलेला. "चालू नाही केलंस?"

"तुझा टॅग होता."

मग हात धुवायच्या आधीच त्याने टॅग काढला.

*

पण ट्रायल रन साहेबांशिवाय होत नाही! संध्याकाळी तिघेही हजर. मिश्राजींनी नारळ फोडला, पाणी मशीनपासून हातभर लांब. पाटील साहेब म्हणाले, "चल निलेश, बस खुर्चीत."

"मला कुठे येतं?" निलेश म्हणाला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

हितेशभाई आधीच माहीत असल्यासारखी मान हलवत होते.

मी बसले. हेडफोन घ्यायचा राहिलाच होता, त्यामुळे आवाज स्पीकरवर. बेट उघडलं. बरोबर सात. पुलापलीकडे तेजसचा निळ्या टोपीचा माणूस उभा होता.

"तेजा! इकडे, पुलाजवळ!"

निळी टोपी जागच्या जागी गोल फिरली. आकाशाकडे बघितलं. मग सरळ जाऊन एका झाडावर आपटली, आणि आपटतच राहिली.

"भावाला ट्रेनिंग कमी पडलंय!" पाटील साहेब मागून म्हणाले.

"तेजा, झोपलास का रे?"

स्पीकरमध्ये खरखर झाली.

"तो क्लासहून यायचाय अजून. मी आहे."

"...आई?"

"सातला येणार म्हणाली होतीस ना. इथे कुणीच नसतं तर परत गेली असतीस." झाडावर अजून दोन धडका. "तू हलू नकोस तिथून. पुढे जायचं बटण सापडलंय मला, वळायचं नाही सापडलं अजून."