व्हिएतनामची पाणीपाळी

चाळिशी गाठली तरी सैन्यात माणूस विद्यार्थीच राहतो. आमच्या कोर्सचा अभ्यासदौरा व्हिएतनामला निघाला आणि बीड जिल्ह्यातल्या दुष्काळी गावात वाढलेला मी, गळ्यात टाय बांधून, त्या देशाचं सामरिक धोरण समजून घ्यायला विमानात बसलो. धोरणावर इतकी भाषणं ऐकली की शेवटी कोण काय म्हणालं तेही आठवेना. लक्षात राहिली ती एक सहकारी संस्था.

नदीच्या खोऱ्यातलं भाताचं गाव होतं. संस्थेच्या म्हाताऱ्या चेअरमननं दुभाष्यामार्फत सांगितलं की पंप संस्थेचा आहे, पाळी ठरलेली आहे आणि चेअरमनच्या शेताचा नंबर सगळ्यात शेवटी. बाकीचे अधिकारी घड्याळं बघत होते. मी मात्र वहीत दोनदा रेघ मारली. कारण माझे वडील, आमचे आबा, तेलगावकडच्या आमच्या गावात पाणीवापर संस्थेचे चेअरमन होते. आमची मोसंबीची बाग कालव्याच्या चारीच्या अगदी तोंडाशी, त्यामुळे पाणी सुटलं की पहिलं आमच्यात. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, निदान आम्हाला तरी.

दौऱ्यानंतर सुट्टीवर गावी गेलो. पावसानं दगा दिला होता. उन्हाळ्यात कालव्याला एकच पाळी मिळणार होती आणि त्यासाठीच संस्थेची सभा भरली होती. परदेश बघून आलेला साहेब म्हणून मला शाल-नारळ दिलं, दोन शब्द बोलायला लावलं. दोन शब्दांवर थांबलो असतो तर बरं झालं असतं. मी त्या चेअरमनची गोष्ट चांगली रंगवून सांगितली. टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर चारीच्या टोकाचा एक शेतकरी उठला.

"चेअरमन, ऐकलं का? पोरगं तुमचंच हाय."

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सचिवाला म्हणाले, "लिवा ठराव. यंदा चेअरमनचं पाणी शेवटी."

चहात साखर किती यावरही ज्या सभेचं एकमत होत नसे, तिथं तो ठराव एकमताने मंजूर झाला.

आमचा नंबर यायच्या आदल्या दिवशी कालवा बंद झाला. बाग उभ्या उभ्या वाळली.

इकडे कोर्समध्ये दौऱ्याचा अहवाल टाइप होऊन आला. एका सहकाऱ्यानं नीट लिहिलं होतं: तो पंप भातात तुंबलेलं पुराचं पाणी बाहेर उपसून टाकायचा होता. दुभाष्याही तसंच म्हणाला असणार. पण पंप आणि पाळी हे शब्द कानावर पडल्यावर, शेतातून पाणी बाहेरही काढतात हे बीडच्या माणसाच्या डोक्यात येणार कुठून? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या सुट्टीत गेलो तेव्हा आबा वाळलेली झाडं तोडत होते. ती झाडं रोपं असताना त्यांनी घागरीनं पाणी घालून जगवली होती.

"आबा, माझंच चुकलं," मी म्हणालो. "त्यो पंप पाणी द्यायचा न्हवता. शेतातलं पाणी काढून टाकायचा व्हता."

"कावून?"

"तिकडं लई व्हतंय म्हणून."

कुऱ्हाड खाली ठेवून ते बांधावर बसले. आता शिव्या बसणार असं वाटलं. खरं तर मला त्या हव्याच होत्या.

"पण त्या चेअरमनच्या रानातलं पाणी शेवटीच काढत्येत ना?"

"हो."

"मग ठरावात चूक न्हाई," आबा म्हणाले आणि पुढच्या झाडाकडे गेले.