सात मिनिटांवरचा प्लॉट

प्लॉटच्या जाहिरातींवर माझ्या साडभाऊंइतका विश्वास ठेवणारा माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि प्लॉट विकणाऱ्यांनी इतका धसका दुसऱ्या कुणाचा घेतलेलाही नसेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान नेरला राहतात, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. जाहिरात म्हणजे फाडून दिलेलं तिकीट, असं त्यांचं साधं मत. "आर्णीचं तिकीट देल्लं आन् प्रवाशाले मधातच उतरवलं, तर चालन काय?" असं विचारून ते जाहिरातीतला शब्दन् शब्द वसूल करायला निघतात. ‘निसर्गरम्य परिसर’ वाचून गेले आणि तिथे एकुलती एक बाभूळ दिसली, तर ती कितव्या नंबरच्या प्लॉटमध्ये येते ते विचारतात. एकदा ‘फक्त ६९९ रुपये चौरस फुटापासून’ हा फलक पाहून त्यांनी त्याच भावाचा प्लॉट मागितला. सगळ्या लेआउटमध्ये तसा एकच निघाला, नाल्याकाठचा, तिकोनी, आणि तोही विकलेला. साडभाऊ चिडले नाहीत. "कोणं घेतला? पत्ता द्या. असा नशीबवान माणूस मले पाह्यचाच हाय," म्हणाले आणि पत्ता मिळेना म्हणून दुपारपर्यंत खुर्चीवरून उठले नाहीत.

पण त्यांचा खरा जीव अंतरांत. ‘बसस्थानकापासून पाच मिनिटांवर’ असं कुठे छापून आलं की पाच किलो कणकेची थैली एका हातात, मनगटावर कंडक्टरकीच्या काळातलं घड्याळ आणि सोबत ताई, म्हणजे माझी मेहुणी, अशी त्यांची मोजणी निघायची. ताईंचे गुडघे दुखायचे, म्हणून दर दहा मिनिटांनी चार मिनिटं बसायचं. ती चार मिनिटंही वहीत लागायची. "जाहिरातवाला एकटाच मोजते, रिकाम्या हातानं, फटफटीवर. घरी येणारा माणूस असा येते काय?" यावर ताई पदरानं घाम पुसत म्हणायच्या, "या माणसानं मले अर्धा जिल्हा पायी दाखवला, पण एक प्लॉट घेऊन देल्ला नाई." दोन वर्षांपूर्वी ताई गेल्या. मोजणी आता थांबेल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी मी स्वतः प्लॉट घ्यायला निघालो. एकोणीस वर्षं आम्ही आर्णीत भाड्याच्या घरात काढली. मी आकडेमोड चोख करणारा माणूस आहे. गावातल्या एका नव्या लेआउटची जाहिरातही ६९९चीच होती; त्या भावानं बाराशे फुटांचे ८,३८,८०० होतात. रस्ता, वीज, कोपरा असे आकार जोडत गेलो तर भाव पडला १,०४० आणि रक्कम १२,४८,०००. ‘बुकिंगचा आज शेवटचा दिवस’ हा फलक तीन महिने तिथेच उभा आहे, हेही मी टिपून ठेवलं होतं. तरीही मी तयार झालो, कारण जाहिरातीत ‘बसस्थानकापासून सात मिनिटांवर’ होतं. माझी बायको रोज बसनं शेजारच्या गावी शाळेवर शिकवायला जाते, आणि ताईंचेच गुडघे तिच्याही वाट्याला आले आहेत. तुळस कुठे लावायची तेसुद्धा तिनं ठरवलं होतं.

पैसे भरायच्या दिवशी साडभाऊ नेरहून थैली घेऊन हजर. विक्रीच्या माणसाला त्यांनी बसस्थानकावर बोलावून घेतलं आणि थैली त्याच्याच हातात दिली. "तुम्ही धरा. प्लॉट तुमचा हाय." तो बिचारा चाळिशीचा, पॉलिश केलेल्या बुटांचा. तो, साडभाऊ, मी आणि माझी बायको असे निघालो. साडभाऊ इतके सावकाश चालत होते की तो दोनदा पुढे जाऊन परत आला. दहा मिनिटं झाली तसे ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले. चार मिनिटांनी उठले. पुन्हा दहा, पुन्हा चार, मग तीन. प्लॉटवर पोचलो तेव्हा एकूण एकतीस.

"काकाजी, आठ मिनिटं तर नुसते बसण्याचे हायेत," थैली खाली ठेवत तो म्हणाला. "थकले तर तुम्ही दिसत नाई. मंग बसता कायले? काढून टाका ना ते."

साडभाऊ वही मिटून म्हणाले, "नेरचं घर मी जाहिरातीचा परचा वाचून घेतलं. बाजार दहा मिनिटांवर लिह्यलं होतं. सायकलीवर जाऊन पाह्यलं, बराबर दहा भरले. पण भाजी माही बायको आणे, पायी. तीस वर्षं. तिचे मिनिटं मी मोजलेच नाई. आता नाई काढत."

बायकोनं माझ्या हातातली पैशांची पिशवी घेतली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. साडभाऊ मात्र तिथे थांबले नाहीत. पुढचे पाच सोमवार ते नेरहून येत राहिले आणि फलकासमोर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला वही दाखवत राहिले. सहाव्या सोमवारी ‘सात मिनिटांवर’ या शब्दांवर चुना फासलेला होता.

आम्ही नंतर नऊशे फुटांचा प्लॉट घेतला. भाव जास्त पडला, पण त्यांच्या चालीनं नऊ मिनिटं. वाटेत बसावं लागत नाही. तुळस लागली आहे.

परवा एका नव्या जाहिरातीमागे ते निघाले, तेव्हा थैली मी घेतली. दहा मिनिटांनी एका चहाच्या टपरीचा बाक आला. साडभाऊ बाकाच्या एका टोकाला सरकून बसले आणि घड्याळ पाहू लागले. शेजारी चांगली ऐसपैस जागा होती. चार मिनिटं पुरी होईपर्यंत मी उभाच राहिलो.