कांदा निघाल्यावर येणारे तात्या

सांगून काही करायची सवय तुम्हाला कधी नव्हतीच, तात्या.

आयुष्यभर न सांगता मेंढरं घेऊन वावरात येऊन उभे राहिलात. आई ओरडायची, "आदी निरोप तरी धाडायचा! किती भाकरी थापू मी?" तुम्ही नुसतं हसायचा.

आणि आता मेलात, तेही न सांगता. मला कळलं आठवड्यानं. तुमच्या पोरानं आईला फोन केला तेव्हा.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. तात्या आमच्या नात्यातले नव्हते. पारनेरकडचे मेंढरंवाले. दरवर्षी कांदा निघाला की आमच्या बोरीच्या वावरात त्यांचं बिऱ्हाड पडायचं. दोन घोडी, त्यांच्यावर भांडी, कोंबड्या आणि नुकतीच जन्मलेली कोकरं. कोकरांची फक्त मुंडकी बाहेर.

दिवसा मेंढरं वावरातली कांद्याची पात खायची. संध्याकाळी तात्या जाळीची वाघर ठोकून त्यांना आत कोंडायचे. दुसऱ्या दिवशी वाघर जरा पुढं सरकायची. असं करत सगळ्या वावराला लेंडीखत. बदल्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, बाजरी द्यायचे.

बाजरीच्या मापावरून दोघांचं कधी वाजलं नाही. वाजायचं ते तंबाखूवरून.

आमच्याकडं उसात बिबटे झाले ती वर्षं आठवतात ना? दिवस मावळला की आई मला उंबऱ्याबाहेर सोडायची नाही. तात्यांची कुत्री वावरात असली की मात्र म्हणायची, "जा, खेळ." वर्षातले तेवढेच दिवस.

अण्णा गेले त्या वर्षी तात्यांनी बाजरी घेतली नाही. आई पोतं ओढत घेऊन आली, तर म्हणाले, "वयनी, यंदा ऱ्हाऊ द्या. पोराला शाळंत टिकवा."

पोरगं टिकलं नाही. आठवीतून पळालं. नारायणगावात टेम्पोवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग एजंटला पैसे भरून मस्कत. इथं डंपर चालवतो.

पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून काय केलं?

वावराला तारेचं कंपाउंड.

सिमेंटचे खांब, काटेरी तार, चारी बाजूंनी. गावातल्या पोराकडून फोटो मागवला, रूमवर सगळ्यांना दाखवला. आमच्या शिवारातलं पहिलं कंपाउंड. आतमध्ये चोरायला काय होतं? कांदा. पण माझं वावर लांबून ओळखू आलं पाहिजे होतं.

घराच्या बाजूला एक दार ठेवलं. माणूस जाईल एवढं.

त्या उन्हाळ्यात तात्या आले. मी नेमका फोनवर होतो. आईनं मोबाईल तारेतून त्यांच्या हातात दिला.

"काय रं, लई मोठी वाघर बांधली!"

"कशी वाटली, तात्या?"

"झ्याक. खांब हलवून पाह्यला मी. पक्का हाय." मग म्हणाले, "आमची वाघर सकाळी गुंडाळता येती. तुजी कोन गुंडाळनार, राव?"

रूमवरची पोरं ऐकत होती. मला मालकासारखं बोलायची हौस.

म्हणालो, "आता कुठं लेंड्या घेऊन बसता तात्या? दुकानात युरिया मिळतो की."

पलीकडं नुसती मेंढरं ओरडत होती.

"मिळतो ना," तात्या म्हणाले. "बरं झालं." मग आईला, "घ्या वयनी, फोन घ्या. पोराला बिल पडत आसंल."

मी त्यांना वावराबाहेर काढत होतो, आणि त्यांना माझ्या बिलाची काळजी.

आई म्हणाली, आत तरी या, चहा घ्या. "मेंढरं भाईर ठिवून मी एकला कसा आत येऊ?" म्हणाले. तारेवरून कप घेतला, उभ्यानं प्यायले आणि कालव्याच्या कडेनं पुढं गेले. ते दिवस कुठं काढले, आम्ही कोणी विचारलं नाही.

काल त्यांच्या पोराला, धोंडीला, फोन लावला. माझ्याच वयाचा. लहानपणी एका ताटात जेवलोय.

वाटलं शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या.

तर म्हणतो, "तुज्या कंपाउंडाचं लई कवतिक म्हाताऱ्याला. जिथं बसू तिथं सांगायचा, बोरीतलं आमचं पोरगं मस्कतला गेलंय, काय काम केलंय त्यानं, एक खांब हालत न्हाई."

आमचं पोरगं.

मी विचारलं, "यंदा कांदा निघाल्यावर येतो ना?"

"कुठून येऊ भाऊ? तुजं बघून समद्यांनी तारा वडल्या. कालव्यापासून वढ्यापर्यंत मेंढरू टेकायला जागा न्हाई. आता इकायलाच काढलीत."

रागानं नाही बोलला. पाऊस झाला का, कांद्याला भाव काय, असं सांगतात तसं सांगितलं.

आणि खोटं काय त्यात? सुट्टीला गेलो तेव्हा गॉगल लावून पारावर मीच खांबाचा रेट सांगत होतो. कुठं स्वस्त मिळतो, गवंडी कोण चांगला. आता त्याच लोकांना कोणत्या तोंडानं सांगू, तारा काढा म्हणून? ऐकणार पण नाहीत. मीही ऐकलं नसतं.

धोंडीला म्हटलं, सगळी विकू नको. निम्मी ठेव. आमच्या वावरात बसव, जितके दिवस बसवायची तितके.

"बगू," म्हणाला.

तेवढ्या 'बगू'वर मी रात्रीपासून बसलोय.

कालव्याच्या बाजूचे तीन खांब काढून तिथं मोठं फाटक करायचं ठरवलंय. घोडी सामानासकट आत आली पाहिजेत. आईनं वेल्डिंगवाल्याला दाखवून रेट विचारलाय.

तात्या, तुमच्या मातीला येता आलं नाही. इथूनच पाया पडतो. रामराम घ्या.

आई, फाटकाचे पैसे उद्या टाकतो. साडेअकरा हजार.