ब्रेक मी तपासले होते

मी काही लेखक नाही. महाडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, आणि परीक्षेतल्या निबंधांपलीकडे काही लिहिलेलं नाही. तेव्हा तुमचा वेळ घेतोय याबद्दल आधीच क्षमा करा. पण हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — आईलाही नाही.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. निम्मी घरं मुंबईला. त्या लोकांच्या मंडळाने वाडीसाठी घाटावरून एक जुना ट्रॅक्टर घेऊन दिला. तो कोणी चालवायचा, हेसुद्धा मंडळच ठरवतं. चालवायचे आमचे शेजारी, शांताराम काका. इतकी वर्षं, त्या वळणांवर, कुठे साधा ओरखडा नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. ट्रॅक्टरचा ब्रेक पोकळ लागायला लागला. पेडल पार खाली जायचं. दोन-तीनदा दाबलं की मग पकड यायची. काका म्हणाले, "तू शिकलेला हायस, मोबाइलात बघ रे जरा."

मला किती बरं वाटलं!

मी व्हिडिओ बघितले. ब्रेकच्या पाइपात हवा शिरली असणार. काकांनी पेडल दाबून धरायचं, मी चाकाजवळचा हवा काढायचा निपल सैल करायचा, बुडबुडे आणि तेल बाहेर आलं की पुन्हा आवळायचा. काका वरून हसत होते — "मी कंपाउंडर नि तू डाक्टर!" बुडबुडे थांबले, पेडल कडक झालं. पण तोवर ब्रेक ऑइलची बाटली संपली होती, आणि ब्रेकची छोटी टाकी अजून अर्धी रिकामी.

दुसरी बाटली आणायला पोलादपूरला उतरावं लागलं असतं. शेडमध्ये ट्रॅक्टरच्या, नांगर उचलणाऱ्या लिफ्टचं तेल होतं. तेल ते तेल — असं मला खरंच वाटलं का? नाही. ब्रेकमध्ये दुसरं तेल घालू नका, हे त्याच व्हिडिओत सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं. तरी ओतलं.

काका हात धुऊन आले. "ब्रेक ऑइलच घातलंस ना?"

"हो, काका."

काही दिवस सगळं ठीक चाललं. मग भाताच्या गोण्या गिरणीला नेताना, उतारावर, पेडल तळाला गेलं. काकांनी ट्रॅक्टर दरीकडे जाऊ दिला नाही, डोंगराच्या अंगावर घातला. ट्रॉली आडवी झाली. त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं.

ते दवाखान्यात असताना महाडहून मेकॅनिक आला. तेव्हा शेडमध्ये फक्त मी होतो. त्याने ब्रेकमधले रबर काढून माझ्या हातावर ठेवले — फुगलेले, लिबलिबीत. "कोनी घातला हा भलता तेल?"

माहीत नाही, म्हणालो. त्याने नवे रबर बसवले आणि तो गेला.

इथेच थांबलो असतो तरी — पण नाही. शिमग्याला मुंबईकर आले आणि देवळात मंडळाची मीटिंग बसली. वाडीतला पहिला कॉलेजात गेलेला म्हणून आदल्या वर्षी याच देवळात माझा सत्कार झाला होता. अध्यक्षांनी मलाच विचारलं, ब्रेक खराब होते का?

"ब्रेक मी तपासले होते. चांगले होते."

मागून कोणीतरी ओरडलं, "म्हंजे शांताराम टाइट असनार!" सगळे हसले. काका दारूला शिवत नाहीत, हे हसणाऱ्यांनाही ठाऊक होतं. काका माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे — काहीतरी आठवत असल्यासारखे. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि अध्यक्षांपुढे ठेवली.

मीटिंगचं इतिवृत्त मीच लिहिलं. अक्षर चांगलं म्हणून. 'चालकाच्या निष्काळजीपणामुळे अपघात घडला.' सुवाच्य लिहिलं, एकही खाडाखोड नाही.

भीती होती का? लाज? काय असेल ते — काकांच्या नावापेक्षा ते मला मोठं वाटलं, एवढं खरं.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. नवा ड्रायव्हर सोडून गेला, म्हणून मंडळाने काकांनाच परत बोलावलं. किल्ली घेऊन माणूस त्यांच्या दारात गेला. काकांनी ती हातात घेतली नाही. आई म्हणाली, "तेंचा म्हनना हाय, पाय आपलाच चुकला आसंल. पोरगा कशाला खोटा बोलंल?"