कड बघावी आधी

हातात काहीही आलं की मामा आधी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. मग तो चहाचा कप असो, खापर असो की भाकरी. "कड बघावी आदी. कड खोटं बोलत न्हाय," हे त्यांचं पालुपद. पुरातत्त्वाची पदवी खिशात घालून आलेल्या मला ते ऐकून हसू यायचं.

तेरणेकाठच्या आमच्या उत्खननावर ते मजूर होते; सगळेच त्यांना मामा म्हणत. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. गुडघे थकले तेव्हा कळप पोराकडं दिला आणि कुदळ धरली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कामात नखाएवढी खोट काढली तरी त्यांना घास गिळवत नाही.

एका दुपारी त्यांच्या चरात माणसाची जुनी कवटी निघाली. डाव्या बाजूला रुपयाएवढं भोक. मी पाहिलं न पाहिलं आणि वहीत लिहून टाकलं, 'कुदळीने पडलेले भोक.' वर सगळ्यांदेखत म्हणालो, "मामा, जरा जपून मारायची होती."

त्यांचा चेहराच उतरला. "म्या न्हाय मारली, सायेब. ह्यो माणूस ह्या भोकासंगट जगलाय. कड बघा."

"डोक्याला भोक पडून कुणी जगतं का?"

"जगतं. उद्या दावतो." कुदळ माझ्या पायाशी ठेवून ते निघून गेले.

जुन्या काळी कवटी उघडून इलाज करत, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण ते कुठल्या तरी दूरच्या मुलखातलं. आपल्या खड्ड्यात तसं निघेल हे माझ्या मनाला शिवलंच नाही.

सकाळी मामा आले ते टॉवेलात मेंढीची कवटी गुंडाळून. "ही माझी बांडी. एकाच अंगाला गरगर फिरायची. डोस्क्यात पाण्याचा फोड झालता. लोक म्हनले, कापून खा. म्या सुरीनं भोक पाडून फोड काढला, हळद भरली. त्येच्या म्होरं तीन वेतं झाली तिची."

बांडी मेल्यावर त्यांनी तिला शेताच्या बांधाला पुरलं होतं.

"उकरून काढली?"

"तुमच्यावानीच. ब्रशनं. एक दात हलू दिला न्हाय."

मग त्यांनी माझा अंगठा धरला आणि आधी मेंढीच्या भोकाच्या कडेवरून फिरवला, मग माणसाच्या. दोन्ही कडा गोलसर, गुळगुळीत. ताजा घाव धारदार असतो. इथं जखम भरून हाड वाढलं होतं. कुणीतरी ते डोकं उघडलं होतं आणि तो माणूस त्यानंतरही जगला होता. पुढं हाडांच्या जाणकारांनीही तेच सांगितलं. मला मात्र त्याच क्षणी स्वतःची लाज वाटली.

"लिवलेलं खोडा," मामा म्हणाले.

मी खोडलं. त्यांना वाचता येत नव्हतं. खोडलेल्या ओळीवरून त्यांनी मातीनं भरलेला अंगठा फिरवला आणि मगच कुदळ उचलली. संध्याकाळी बांडीला परत तिच्या जागी पुरून आले.

यंदाच्या खोदकामाला मामा नाहीत. दिवाळीआधीच गेले. परवा नव्या चरात पहिलं खापर निघालं आणि मी घाईघाईनं वही उघडली, ती नेमकी त्याच पानावर. खोडलेल्या ओळीवर मातीचा अंगठा अजून तसाच आहे. मी पेन खाली ठेवलं आणि आधी खापराची कड पाहिली.