मुंबईच्या टीव्हीवर घातलेला नमस्कार

रोज संध्याकाळी मुंबई आमच्या गावाला यायची. एसटी यायची दिवसातून एकदा, तीही तिचं मन झालं तर. पण मुंबई रोज. आमच्या दूध सोसायटीचा टीव्ही होता, काळा-पांढरा, लाकडी दारांचा, आणि त्या दारांना कुलूप. किल्ली सेक्रेटरीकडं, आणि सेक्रेटरी मी. म्हणजे मुंबईला गावात घ्यायचं की वेशीबाहेर ताटकळत ठेवायचं, हे त्या काळात माझ्या हातात होतं. पाटोद्याच्या बाजाराला गेलो तर लोक तहसीलदाराच्या आधी मला रामराम घालायचे.

अँटेना होती पाण्याच्या टाकीवर. टाकी बांधल्यापासून तिच्यात पाण्याचा थेंब पडला नव्हता, त्यामुळं तिलाही काहीतरी काम मिळालं. अँटेनावर बसलेल्या कावळ्याला समुद्र दिसतो, असं आमचे चेअरमन सांगत. आणि चेअरमनचं बोलणं मोडायची आमच्यात पद्धत नव्हती. पडद्यावर निवेदिका यायची, केसात फूल माळलेली, आणि म्हणायची, "नमस्कार." की सगळं गाव हात जोडून म्हणायचं, "नमस्कार!" म्हातारे तर टोपी सारखी करून बसायचे. बाई बघतात, शोभंल असं बसावं. नंतर शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागायचा. तो मुंबईत बसून आम्हाला शेती शिकवायचा आणि आम्ही बीड जिल्ह्यात बसून त्याच्या चुका काढायचो. दोन्हीकडच्यांचा वेळ मजेत जायचा.

मग ते दुष्काळाचं साल आलं. जमिनीला अशा भेगा पडल्या की एकाची चप्पल आत गेली ती शेजारच्या गावात निघाली. सोसायटीनं गावाबाहेर माळावर गुरांची छावणी काढली. तरणीताठी जोडपी कोयता घेऊन साखरेच्या मुलखात ऊस तोडायला गेलती. मागं राहिलेली म्हातारी माणसं आपापली जनावरं घेऊन छावणीत येऊन राहिली. गाव रिकामं झालं, तेव्हा टीव्हीही बैलगाडीत घालून छावणीत आणला आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालू केला. अँटेनासाठी चार बांबू एकाला एक बांधले. जनावरंसुद्धा टीव्ही बघायची. गाण्याचा कार्यक्रम लागला की गाई शेपटी हलवायच्या थांबायच्या. माशांनासुद्धा ऐकू यावं म्हणून.

जनावरांना खायला यायचं उसाचं वाढं. ऊस तोडताना शेंड्याचा जो हिरवा पाला निघतो, तो. आमचीच पोरं तिकडं तोडायची, आणि ट्रक भरून तेच वाढं आमच्या गुरांना यायचं. आणि एक दिवस ते यायचं थांबलं. ट्रक भरून उभे आहेत, पण सोडायचा हुकूम ज्या साहेबाच्या हातात, तो साहेब सही करीना. एक दिवस गेला, दोन गेले, आठ गेले. होता नव्हता तो कडबा चिमटीनं वाटला. छावणीत एक मावशी होती. मुलगा-सून उसाला गेलेले, आणि हिच्याजवळ एक गाय, गाभण, दिवस भरत आलेले. मावशीची जीभ विळ्यासारखी. मला म्हणाली, "सेक्रेटरी, तुझ्या टीव्हीत रोज बाई दिसती, बुवा दिसतो. वाढ्याचा ट्रक कावून दिसत न्हाई रे?"

"मावशी, टीव्हीत ट्रक येत न्हाई."

"मग जाळायचाय का त्यो? गाय बसाया लागली माझी. एकदा पुरी बसली, तर उठायची न्हाई."

नेमकं त्याच आठवड्यात मुंबईहून पत्र आलं. मी शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाला कार्डं लिहायचो. किती? आमच्या पोस्टमनला विचारा, त्याची सायकल दोनदा पंक्चर झाली. 'दुष्काळात टिकलेली दूध सोसायटी' या विषयावर बोलायला सोसायटीची दोन माणसं बोलावली होती. चार मिनिटं मिळणार होती. सगळ्या महाराष्ट्रासमोर चार मिनिटं! चेअरमन जाणार हे ठरलेलंच. बोलणार मी. कारण अंबाजोगाईला कॉलेजात असताना मी वक्तृत्वाची ढाल मिळवलेली होती, आणि ती अजून आमच्या घरी पापड वाळवायला वापरतात. छावणीत सभा झाली आणि एकच ठराव झाला, की बाकी काही बोलायचं नाही, वाढ्याचं बोलायचं. मावशी सभेच्या मागून ओरडली, "अन् बोलला न्हाईस तर माघारी येऊ नगंस!"

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्या भागात भाषणात मुद्दा शेवटच्या वाक्यात आला तरी चालतो, नाही आला तरी चालतो. पण मानाचं नाव राहिलेलं चालत नाही. एकदा झेंडावंदनाला एका वक्त्यानं आमच्या एका संचालकाचं नाव घ्यायचं सोडलं. दुसऱ्या दिवसापासून त्या संचालकाच्या अकरा म्हशींचं दूध शेजारच्या गावच्या सोसायटीला जायला लागलं, ते पुढच्या झेंडावंदनापर्यंत. म्हशींनासुद्धा राग आलेला, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून मी स्वप्नातसुद्धा बोलायला उभा राहिलो तर आधी सगळ्यांची नावं घ्यायचो. बायको म्हणायची, "अवो, झोपा आता, झालं समद्यांचं."

तर आम्ही मुंबईला पोचलो. टीव्ही केंद्राच्या मनोऱ्याकडं बघताना चेअरमनचा फेटा मागं पडला. आत लांबच लांब बोळ, गारेगार. आणि त्या बोळात, बशीत चहा ओतून पीत, निवेदिका उभी! आमच्या गावाला रोज नमस्कार घालणारी, तीच. आणि ती रंगीत होती. साडी हिरवीगार, फूल पिवळंधमक. आम्ही दोन वर्षं तिला काळी-पांढरी बघितलेली. चेअरमन माझ्या कानाशी लागले, "सेक्रेटरी, हे गावात सांगू नगंस. कुणाला पटायचं न्हाई."

मग तोंडाला पावडर लावायला नेलं. चेअरमन आधी म्हणाले, "आमी काय तमाशात हाव का बे?" आरसा बघितल्यावर म्हणाले, "इकडून जरा कमी लागलीय."

स्टुडिओत आमच्यासाठी शेत केलेलं होतं. मागं पडद्यावर रंगवलेली हिरवी पिकं, पुढं पुठ्ठ्याची झोपडी, आणि बाजूला खरा ऊस, वाढ्यासकट, डझनभर. चेअरमननं चारी बाजूंनी शेत न्याहाळलं आणि मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांना विचारलं, "इकडं पाऊस बरा झालेला दिसतोय?" गृहस्थ भले होते, हसले. पण चेअरमनची नजर त्या वाढ्यावरून हलेना. माझीही.

वर दिवे लागले. असले दिवे की आमच्या माळावरचं ऊन त्यांच्यापुढं सावली वाटावं. लाल बत्ती पेटली. गृहस्थ म्हणाले, "आपल्या सोसायटीविषयी थोडक्यात सांगाल का?"

बसून बोलायची मला सवय नाही. मी ताडकन उभा राहिलो. शर्टाला लावलेला माईक खाली पडला, तो एकानं रांगत येऊन पुन्हा लावला. आणि ढाल मिळवलेल्या आवाजात मी सुरू झालो. "सन्माननीय मुलाखतकार महोदय, कॅमेऱ्यामागचे बंधू, दिव्याचे बंधू, काचेपलीकडले मान्यवर..." काचेपलीकडले मान्यवर एकमेकांकडं बघायला लागले. "...आमच्या सोसायटीचे आधारस्तंभ, चेअरमनसाहेब..." चेअरमननं बसल्या जागी हात जोडले. मग व्हाईस चेअरमन. मग संचालक, एकेक करून, गावासह, पदासह, कुणाचे वडील कोण होते त्यासह. नावं इथं देत नाही; तेव्हा घेतली तेवढी पुरे झाली. काचेमागचा माणूस बोटांची कात्री करून दाखवत होता. मला वाटलं, तोही कुणाचं तरी नाव सुचवतोय.

संचालक संपले आणि माझ्या ध्यानात आलं की घड्याळही संपत आलंय. गृहस्थांनी एक बोट वर केलं. एक मिनिट! वाढ्याचं एक अक्षर झालेलं नाही. पण तोंडाला जी चाल लागलेली, ती बदलेना. नमस्काराच्या उतारावरून सुटलेली बैलगाडी, तिला मध्येच मुद्द्याच्या बांधावर कशी चढवणार? नजर गेली उसाच्या वाढ्यावर, आणि गाडी तशीच पुढं गेली:

"...आणि या सभेला येऊ न शकलेल्या, छावणीत दावणीला उपाशी उभ्या असलेल्या आमच्या गाई-बैलांनो. त्यांच्यासाठी साखरेच्या मुलखात कोयता चालवणाऱ्या लेकरांनो, ज्यांनी तोडलेलं वाढं आठ दिवस ट्रकात वाळतंय. एकुलती एक गाभण गाय मांडीवर डोकं घेऊन सांभाळणाऱ्या आमच्या मावशी. आणि ज्यांच्या एका सहीसाठी हे सगळे खोळंबलेत, ते मायबाप साहेब, तुम्ही कुठंही असा, या मुक्या जनावरांच्या वतीनं तुम्हाला माझा पहिला नमस्कार! एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो."

लाल बत्ती विझली. स्टुडिओत असा शुकशुकाट, की पुठ्ठ्याच्या झोपडीत उंदीर असता तर ऐकू आला असता. काचेमागचे साहेब बाहेर आले. म्हणाले, "अहो, तुम्ही नुसत्या नमस्कारातच चार मिनिटं घालवलीत. विषय राहिलाच!" पुन्हा घ्यायला वेळ नव्हता, कांद्यावर बोलणारे दारात उभे होते. "बघतो काय करता येतं ते," असं ते म्हणाले, पण चेहरा तसा नव्हता. एवढ्यात चेअरमननं त्यांचा हात धरला. "साहेब, त्यो ऊस तुमी टाकून द्येणार आसंल तर..."

वाढ्याचा भारा डोक्यावर घेऊन आम्ही टीव्ही केंद्राच्या बाहेर पडलो. मुंबईच्या रस्त्यानं वाढं घेऊन जाणारा, तोंडाला पावडर लावलेला, फेटेवाला माणूस लोक थांबून बघत होते. एसटीत चेअरमननं भारा सीटखाली सारला. मग म्हणाले, "माझं नाव तू झ्याक घेतलंस. पर वाढ्याचं कवा बोललास?"

"बोललो की."

"कवा?"

"नमस्कारात."

"देवा!" म्हणाले, आणि फेटा डोळ्यावर ओढला.

भाऱ्यातलं अर्धं वाढं मावशीच्या गाईला घातलं, उरलेलं बाकीच्या गाभण गाईंना चार-चार पानं वाटलं. "बोललास न्हवं?" मावशीनं विचारलं. मी म्हटलं, "टीव्हीतच बघा." मला खरं सांगायचा धीर नव्हता. चार दिवसांनी कार्यक्रम लागायचा होता, आणि त्या चार दिवसांत तलवाड्याची सासुरवाडी मला फार आठवायला लागली.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मावशीची गाय बसली. चौघांनी धरली तरी उठेना. संध्याकाळी सगळी छावणी टीव्हीपुढं गोळा झाली. मावशी तेवढी आली नाही, गाईचं डोकं मांडीवर घेऊन लांबूनच बघत राहिली. मी भाषणात म्हटलं होतं तस्संच. संचालक पुढच्या रांगेत, धुतलेल्या धोतरात. पडद्यावर मी ताडकन उभा राहिलो. "सन्माननीय मुलाखतकार महोदय," आणि टक्क! पडदा उडी मारून थेट दावणीवर आला. "...छावणीत दावणीला उपाशी उभ्या असलेल्या आमच्या गाई-बैलांनो!"

मुंबईच्या त्या मंडळींनी कात्री चालवली होती. काचेपलीकडले मान्यवर गेले, आधारस्तंभ गेले, व्हाईस चेअरमन गेले, सगळे संचालक वाडवडिलांसह कापले गेले. राहिली जनावरं, ऊसतोडीची लेकरं, मावशी आणि साहेब. माझा आवाज बॅटरीवर असा घुमला की बैल दाव्याला हिसके द्यायला लागले. आणि आता पडद्यावर मी नव्हतोच. त्यांनी कुठलीशी एक हाडकुळी गाय दाखवली होती, बोलणं माझं आणि डोळे तिचे.

झालं, एक संचालक उठला. "सेक्रेटरी! माझं नाव कुठं गेलं बे?"

"मी घेतलतं. मुंबईनं कापलं."

"उद्यापास्नं माझं दूध तुमच्या सोसायटीला न्हाई!"

मागून मावशी गरजली, "आरं, दूध हाय कुठं तुझ्याजवळ? म्हशी पान्ह्याच्या जागी धुरळा सोडत्यात! बस खाली. जनावराचं नाव घेतलं त्यानं, तुझं कशाला पायजे?" सगळी छावणी खदाखदा हसली, शेवटी तो संचालकसुद्धा.

तिसऱ्या दिवशी सकाळी माळावर धुरळ्याचा लोट दिसला. मला वाटलं वावटळ. वावटळीला हॉर्न नसतो. पहिला ट्रक, दुसरा, तिसरा. शेवटचा मोजायला मी बाभळीवर चढलो तरी दिसेना. पुढं जीप, आणि जीपमध्ये खुद्द सही करणारे साहेब. उतरले आणि म्हणाले, "नमस्कार घालणारा कोण तो?"

सगळ्यांनी मला पुढं ढकललं.

"शिव्या दिल्या असत्या तर फायलीला लावून ठेवल्या असत्या हो," साहेब म्हणाले. "नमस्काराला काय करू? आईनं कार्यक्रम बघितला माझ्या. म्हणाली, उपाशी जनावराचा नमस्कार घेतलास, आता तो फेडल्याशिवाय ताटावर बसू नकोस. दोन दिवस जेवलो नाही मी."

चेअरमननं स्वतःचा फेटा काढून साहेबांना बांधला. मग दुसरा मागवला आणि मला बांधला, संचालकांच्या देखत. ट्रकाची फळी खाली पडली आणि नव्यानं तोडलेलं हिरवं वाढं धबधब्यासारखं कोसळलं. पहिला भारा मी उचलला आणि मावशीच्या गाईच्या तोंडाशी नेला. तिनं एक पान ओढलं. मग दुसरं. तिसऱ्याला ती पुढच्या गुडघ्यांवर आली, आणि चौथा घास तिनं उभी राहून खाल्ला. मावशी नुसती गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या बाईला गप्प बसलेलं मी आयुष्यात तेवढंच एकदा बघितलं.

त्या संध्याकाळी कुलूप उघडून टीव्ही लावला, निवेदिका आली. तिचे ओठ हलत होते, पण एक अक्षर ऐकू येत नव्हतं. शेकडो जनावरं एकाच वेळी वाढं चावत होती. कर्रम-कुर्रम, कर्रम-कुर्रम, सगळा माळ नुसता चावत होता. आवाज वाढव म्हणून कुणी म्हटलं नाही.